मोझेलचे इमान

मराठीने अरबी-फारसीकडून शेकडो शब्द घेतले, त्यांतला 'इमान' हा एक. अरबीत ईमान म्हणजे श्रद्धा. अल्लाह, त्याचे फरिश्ते, त्याचे ग्रंथ, त्याचे प्रेषित, कयामतचा दिवस आणि तकदीर यांवरचा विश्वास. मकतबमध्ये जाणारा आमचा मुलगा हे सुरुवातीलाच पाठ करतो. तोच मुलगा मराठी शाळेत गेला, बाजारात गेला, की 'इमान' त्याला वेगळ्याच वेशात भेटते. इमानदार गडी, बेइमान भागीदार, इमानेइतबारे केलेली नोकरी आणि इमानी कुत्रा. कुत्र्याला ना ग्रंथ, ना कयामत. तरी त्याला इमानी म्हणताना मराठी माणूस अडखळत नाही, आणि आमच्या घरातली नमाजी, रोजेदार माणसेही अडखळत नाहीत. उर्दूतही या शब्दाला दोन्ही अर्थ आहेत. पण मराठीत मूळ अर्थ जवळजवळ पुसला गेला आणि उरली ती फक्त वागणूक. श्रद्धेचा शब्द नीतीचा झाला. भाषेने हे कोणत्या मौलवींना किंवा पंडितांना विचारून केले नाही.

हे सगळे मांडण्याचे कारण असे की, ईश्वरावर श्रद्धा नसेल तर माणूस नीतीने वागू शकतो काय, हा प्रश्न मुस्लिम मराठी साहित्यात उघडपणे क्वचितच विचारला जातो. उत्तर मात्र गृहीत धरलेले असते. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यालाही आता मोठा काळ लोटला. या काळात आमच्या कथेने गरिबी लिहिली, दंगली लिहिल्या, तलाकपीडित बाईचे दुःख लिहिले, भाड्याने घर न मिळणाऱ्या नोकरदाराचा अपमान लिहिला. पण माणसाच्या भलेपणाचा उगम शोधायची वेळ आली की आमचा कथालेखक दोन ठरलेल्या साच्यांपैकी एक उचलतो. पहिल्या साच्यात दारू पिणारा, नमाज बुडवणारा नायक असतो; त्याच्यावर संकट कोसळते आणि शेवटच्या परिच्छेदात पहाटेची अजान ऐकून तो मशिदीची पायरी चढतो. दुसऱ्या साच्यात हाजीसाहेब असतात. कपाळावर सिजद्याचा घट्टा, हातात तसबीह, आणि पुतण्याची जमीन खिशात. पहिली कथा सांगते की श्रद्धा आली म्हणजे नीती आली. दुसरी सांगते की श्रद्धा हे नीतीचे सोंग आहे. दोन्ही कथा एकमेकींच्या विरोधात उभ्या आहेत असे वाटते, पण दोघींची मोजपट्टी एकच आहे. माणूस मोजायचा तर त्याची नमाज मोजायची, एकीने बेरजेत धरायची, दुसरीने वजाबाकीत. माणूस बाजूलाच राहतो.

या साच्यांबाहेरची कथा कशी असते हे पाहायचे असेल तर फार दूर जावे लागत नाही. मुंबईतच घडलेल्या दोन कथा उर्दूत आहेत आणि दोन्ही सआदत हसन मंटो यांच्या. मंटो १९३६ साली मुंबईत आले आणि मधला दिल्लीच्या आकाशवाणीचा काळ सोडला तर १९४८ च्या सुरुवातीला लाहोरला जाईपर्यंत इथेच राहिले. भायखळा, नागपाडा, भेंडी बाजार हा त्यांचा मुलूख. अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांच्यावर सहा खटले झाले, तीन फाळणीपूर्वी आणि तीन नंतर. समाजाची नीती बिघडवणारा लेखक म्हणून दोन राजवटींनी ज्याला कोर्टात उभे केले, त्यानेच आमच्या प्रश्नाला सर्वांत सरळ हात घातला, ही गंमत नोंदवून पुढे जाऊ.

'मोझेल' या कथेतली मोझेल जन्माने यहुदी. अडवानी चेंबर्स नावाच्या इमारतीत राहणारी, ढगळ झगा घालणारी, लाकडी खडावा खडखडवत चालणारी, ओठांवर लिपस्टिकचा जाड थर देणारी. आज एकाबरोबर, उद्या दुसऱ्याबरोबर. समोरच्या फ्लॅटमधला शीख तरुण त्रिलोचन तिच्या प्रेमात पडतो. ती त्याच्या केसांची, दाढीची, धर्माची मनसोक्त चेष्टा करते. लग्न करीन म्हणते, तो तिच्यासाठी केस कापतो, दाढी उतरवतो, आणि लग्नाच्या दिवशी ही बाई कुणा जुन्या मित्राबरोबर देवळालीला निघून जाते. दिलेला शब्द न पाळणारी, समाजाच्या कोणत्याही कसोटीवर न उतरणारी स्त्री. पुढे त्रिलोचन पुन्हा केस वाढवतो, कृपाल कौर नावाच्या साध्या, पापभीरू मुलीशी त्याचे लग्न ठरते. मग दंगल येते. कृपाल कौर मुसलमानांच्या मोहल्ल्यात आईबापांसह अडकलेली, आई आंधळी, बाप लुळा. त्रिलोचन गच्चीवर तळमळत बसतो. त्याला उठवून, हाताला धरून त्या मोहल्ल्यात नेते ती मोझेल. आणि दंगलखोर दारापाशी येतात तेव्हा ती आपला झगा उतरवून कृपाल कौरच्या अंगावर चढवते, म्हणजे ती यहुदी समजली जाईल आणि वाचेल. स्वतः नागडी जिना चढत धावते, लोक तिच्यामागे धावतात, खडावा घसरतात आणि ती जिन्यावरून कोसळते. त्रिलोचन तिची लाज झाकण्यासाठी आपली पगडी तिच्या अंगावर टाकतो. मरता मरता ती पगडी बाजूला सारते आणि त्याला सांगते की हा तुझा धर्म घेऊन जा.

या शेवटावर उर्दूत पुष्कळ लिहिले गेले आहे. पुष्कळांनी त्याचा अर्थ धर्माचा धिक्कार असा लावला. आम्हाला तो अर्थ अपुरा वाटतो. ज्या पगडीसाठी त्रिलोचन त्या रात्रीही हटून बसला होता, जी डोक्यावर असताना मोहल्ल्यात शिरणे म्हणजे मरण होते, तीच आता तो अब्रू झाकायचे कापड म्हणून वापरतो. मोझेल परत करते ती ही पगडी. देव आहे की नाही या वादात ती शिरतच नाही आणि मंटोही तिच्या श्रद्धेची चौकशी करत बसत नाहीत. तिच्या कृतीचे कारण म्हणून ते ना देवाचे नाव घेतात, ना पुण्याचे, ना पश्चात्तापाचे. तिला मागच्या वचनभंगाचे प्रायश्चित्त करायचे होते असेही कुठे सुचवत नाहीत. आमच्या साच्यातल्या लेखकाने तिला मरताना कोणत्या ना कोणत्या ईश्वराची आठवण करून दिली असती.

दुसरी कथा 'सहाय'. ही मोझेलच्या उलट टोकाची. मुमताज नावाचा मुसलमान तरुण बोटीने पाकिस्तानला निघाला आहे आणि निरोप द्यायला आलेल्या हिंदू मित्रांना तो सहायची गोष्ट सांगतो. सहाय हा बनारसचा कट्टर हिंदू, धंद्याने दलाल. वेश्यांचा दलाल, पण हिशेबाला इतका चोख की प्रत्येक मुलीच्या नावाने पैसे जमा करणारा. भेंडी बाजारात दंगलीत तो जखमी होऊन पडतो. मुमताज तिथून जात असतो. शेवटचे श्वास मोजणारा सहाय कपड्यांच्या आतून एक पुडके काढून त्या मुसलमानाच्या हाती देतो. त्यात सुलताना नावाच्या मुलीचे दागिने आणि पैसे आहेत. तिची अमानत तिला पोचवायची आहे. इथे श्रद्धा आहे, भरपूर आहे, पण धंदा असा की ज्याचे नाव घेताच कोणत्याही धर्माचा माणूस तोंड फिरवील. मोझेलला श्रद्धेवाचून भले होता आले, सहायला श्रद्धेसह आणि बदनाम पेशासह. मंटोंनी दोघांनाही एकाच शहरात, एकाच दंगलीच्या काळात ठेवले आणि दोघांकडूनही मरताना दुसऱ्यासाठी काही करवून घेतले. कोणता नियम यातून काढायचा? आम्हाला तर एकही काढता येत नाही, आणि या कथांचे मोठेपण आम्ही त्यातच मानतो.

कुणी म्हणेल, कथा म्हणजे पुरावा नव्हे. मंटोंनी कल्पनेने एक बाई उभी केली, तिच्यावरून नीतिशास्त्र कसे ठरवणार? आक्षेप रास्त आहे. पण हाच वाद, जवळजवळ हेच उदाहरण घेऊन, आमच्या परंपरेत हजार वर्षांपूर्वी झडलेला आहे, हे आमच्या वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. कलाम म्हणजे इस्लामी धर्मचिंतन. त्यात 'हुस्न' आणि 'कुब्ह' यांचा, म्हणजे चांगले आणि वाईट यांचा, एक स्वतंत्र प्रश्न आहे. चांगले हे अल्लाहने फर्मावले म्हणून चांगले ठरते, की चांगले आहे म्हणून अल्लाह ते फर्मावतो? मुअतझिला पंथाचे विद्वान दुसऱ्या बाजूचे. रय शहरात मोठे काजी असलेले अब्दुल जब्बार (मृत्यू १०२५) यांचे म्हणणे असे की अन्याय वाईट आहे हे कळायला कोणताही ग्रंथ लागत नाही. शहाण्या माणसाच्या बुद्धीला ते आपोआप कळते, आणि जे लोक कोणताही प्रेषित मानत नाहीत त्यांनाही ते कळते. अशअरी विद्वानांनी याला कडाडून विरोध केला. त्यांच्या मते कोणतेही कृत्य स्वतःहून चांगले किंवा वाईट नसते, शरीयतचा हुकूम त्याला तसे ठरवतो.

मुअतझिलांचे आवडते उदाहरण असे. एक माणूस मरणाच्या दारात असलेल्या अनोळखी माणसाला वाचवतो. वाचवणारा कोणताही धर्म मानत नाही, त्याला बक्षिसाची आशा नाही, पाहणारे कुणी नाही. तरीही तो वाचवतो. मग त्याला चांगल्याची जाणीव कुठून आली? इमाम गझाली (मृत्यू ११११) यांनी याला दिलेले उत्तर मानसशास्त्राच्या कोणत्याही आधुनिक पुस्तकात शोभेल असे आहे. ते म्हणतात, आपल्याच जातीच्या जिवाला तडफडताना पाहून माणसाचे मन कळवळते आणि तो स्वतःला त्या जागी कल्पितो. वाचवणे हा त्या कळवळ्यावरचा इलाज आहे. शिवाय अशा कृत्याबरोबर नेहमी वाहवा येत असल्यामुळे, वाहवा करणारे कुणी नसले तरी मन त्या कृत्याकडे ओढले जाते. साप चावलेला माणूस रंगीबेरंगी दोरीला भितो, तसे. दोरीत विष नाही हे त्याला कळत असते, पण मन ऐकत नाही.

गझालींचा हा दृष्टान्त आम्हाला फार आवडतो आणि फार अस्वस्थही करतो. त्यांनी भल्या नास्तिकाचे अस्तित्व नाकारले नाही, हे आधी नीट लक्षात घ्यावे. तो वाचवतो हे त्यांना मान्य आहे. त्याच्या वाचवण्याला 'कर्तव्य' म्हणायचे की 'स्वभाव', एवढाच त्यांचा प्रश्न आहे. आणि हा प्रश्न मोझेलला लावला तर? ज्या मुलीसाठी ती जीव देते ती तिच्या नात्याची नाही, धर्माची नाही. तिच्या जुन्या प्रियकराची होणारी बायको आहे. वाहवा करणारे कुणी नाही. उलट ती ज्या अवस्थेत मरते ती अवस्था पाहून जग तिला नावेच ठेवील. सवयीने दोरीला भिणाऱ्या माणसाचे उदाहरण इथे अपुरे पडते असे आम्हाला वाटते. गझाली मात्र तेवढ्याने हार मानणार नाहीत. ते विचारतील, हा कळवळा उद्या आटला तर? कृपाल कौरच्या जागी मोझेलला किळस वाटेल असे कुणी असते तर? कळवळ्याला हुकूम करता येत नाही, कर्तव्याला करता येतो. या प्रश्नाला मंटोंकडे उत्तर नाही. आमच्याकडेही पक्के उत्तर नाही. मोझेलचे कृत्य चांगले होते हे मान्य करण्यासाठी मात्र या उत्तराची वाट पाहावी लागत नाही. कितीही धर्मनिष्ठ वाचक ही कथा मिटताना 'हिने काही भले केले नाही' असे म्हणणार नाही, आणि हा निकाल तो कोणतेही कलम न उघडता देतो. अब्दुल जब्बार म्हणत होते ते एवढेच होते.

महाराष्ट्रात या वादाची एक गंमत आहे. कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफई, आणि शाफई परंपरा साधारणपणे अशअरी मताची. घाटावरचे, मराठवाड्याचे, विदर्भाचे बहुतांशी हनफी, आणि हनफींचे धर्मचिंतन समरकंदच्या इमाम मातुरीदींच्या (मृत्यू ९४४) वाटेने जाते. मातुरीदी मत मधले आहे. काही गोष्टींचे चांगले-वाईट बुद्धीला ओळखता येते. हुकूम मात्र अल्लाहचा. म्हणजे चिपळूणचा मामू आणि लातूरचा चाचा नीतीच्या उगमाबद्दल तत्त्वतः वेगवेगळ्या मतांचे वारस आहेत, आणि दोघांपैकी कुणालाही त्याचा पत्ता नाही. बाजारात दोघेही बेइमानाला बेइमानच म्हणतात.

आता काही वाचक म्हणतील की हे सगळे विद्वानांचे वाद झाले, प्रेषितांच्या (स.) चरित्रात याला काय आधार? आधार आहे, आणि तो आमच्या व्याख्यानांत मिळायला हवा तेवढा मिळत नाही. नबुव्वतच्या आधी मक्केत 'हिल्फुल फुदूल' नावाचा करार झाला. यमनमधल्या जबीदच्या एका व्यापाऱ्याचा माल मक्केच्या आस इब्न वाइल या बड्या माणसाने घेतला आणि पैसे बुडवले. व्यापाऱ्याने अबू कुबैस टेकडीवर चढून दाद मागितली. तेव्हा काही कुळांचे लोक अब्दुल्लाह इब्न जुदआन यांच्या घरी जमले आणि पीडित कुणीही असो, त्याला हक्क मिळवून देईपर्यंत त्याच्या बाजूने उभे राहायचे अशी शपथ त्यांनी घेतली. जमलेले मूर्तिपूजक होते. तरुण मुहंमद (स.) तिथे हजर होते, आणि पुढे प्रेषित झाल्यावरही, इस्लामच्या काळात अशा कराराला बोलावले तर मी जाईन, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार चरित्रकारांनी नोंदवले आहेत.

मुतइम इब्न अदी यांचे उदाहरण तर साहित्यिकांनी विशेष लक्षात ठेवावे. तायफहून दगड खाऊन परतलेल्या प्रेषितांना (स.) मक्केत शिरण्यासाठी या माणसाने आपले संरक्षण दिले, मुलांना शस्त्रे देऊन काब्याजवळ उभे केले. त्यांनी इस्लाम स्वीकारला नाही, तसेच वारले. बदरच्या लढाईनंतर कैद्यांकडे पाहून प्रेषितांनी (स.) सांगितले की मुतइम हयात असते आणि या लोकांसाठी शब्द टाकला असता तर मी यांना सोडून दिले असते. आणि प्रेषितांचे (स.) कवी हस्सान इब्न साबित यांनी मुतइम यांच्यावर शोककाव्य रचले. इब्न हिशाम यांच्या चरित्रग्रंथात ते आहे. न मानणाऱ्या माणसाच्या भलेपणावर कविता लिहिणारा पहिला मुसलमान कवी खुद्द प्रेषितांच्या मस्जिदीत बसणारा होता. आमच्या कथाकारांना मग कसली भीती वाटते?

भीती कसली वाटते ते आम्हाला ठाऊक आहे. ज्यांच्या घरी हिल्फुल फुदूल झाला त्या इब्न जुदआन यांच्याबद्दल हजरत आयेशा यांनी विचारले होते की, ते नातेवाईकांना धरून होते, गरिबांना जेवू घालत होते, त्याचा त्यांना आखिरतमध्ये उपयोग होईल काय? उत्तर आले की नाही, कारण कयामतच्या दिवशी माफ कर असे त्यांनी आपल्या रबला कधी म्हटले नाही. ही हदीस मुस्लिम यांच्या संग्रहात आहे आणि ती पुढे करून अनेकजण चर्चा बंद करतात. आम्ही ती वेगळ्या रीतीने वाचतो. प्रश्न आणि उत्तर दोन्हीत इब्न जुदआन यांचे भलेपण कुणी नाकारलेले नाही. ते गृहीतच आहे. बोलणे चालले आहे ते मोक्षाचे. भला कोण आणि जन्नतमध्ये कोण, हे दोन प्रश्न आहेत, आणि दुसऱ्याचा निकाल देणारा आम्हांपैकी कुणी नाही. आमचा सगळा घोटाळा हे दोन प्रश्न एकात कालवल्याने होतो. नास्तिक नरकात जाईल असे मानणारा माणूस नकळत एक पायरी पुढे जातो आणि तो नास्तिक वाईटच असला पाहिजे, त्याच्याकडे ठेवलेली रक्कम बुडालीच असे समजू लागतो. कथेचे क्षेत्र पहिल्या प्रश्नाचे आहे. दुसऱ्याचे नाही.

दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. आमच्यातले काही सुधारक लेखक असे लिहितात की धार्मिक माणसाची नीती म्हणजे जहन्नमची भीती आणि जन्नतचा लोभ. खरी नीती काय ती बुद्धिवाद्याचीच. हे वाक्य लिहिणाऱ्याने बसऱ्याच्या राबियाची कथा ऐकलेली नसावी. एका हातात पेटता पलिता आणि दुसऱ्या हातात पाण्याचे भांडे घेऊन ती धावत होती म्हणतात. जन्नत जाळायची, जहन्नम विझवायचा, म्हणजे लोक अल्लाहची इबादत फक्त त्याच्यासाठी करतील. आठव्या शतकातल्या या बाईने लाभाच्या नीतीवर जी टीका केली तिच्यापुढे आजच्या लेखांतली टीका फिकी आहे, आणि तिने ती श्रद्धेच्या आतून केली. सहायने ते पुडके पोचते करावे यामागे त्याची श्रद्धा नव्हती असे कोण छातीठोकपणे सांगेल? अमानत हा शब्द ज्याच्या अंगात लहानपणापासून भिनला आहे, त्याला ऐनवेळी विचार करावा लागत नाही. श्रद्धा हे काम करते. सर्वांच्या बाबतीत करतेच असे नाही, आणि हाजीसाहेबांच्या कथा खोट्याही नाहीत.

हमीद दलवाई यांचा विषय इथे येणे अपरिहार्य आहे. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे दलवाई (१९३२-१९७७) स्वतःला श्रद्धावान म्हणवत नव्हते. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा त्यांनी मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला, १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले, आणि मृत्यूनंतर दफन न करता दहन करावे, कोणताही विधी करू नये, अशी इच्छा ठेवून गेले. त्यांच्या राजकीय मांडणीशी आमचे मतभेद आहेत. मुस्लिम मनाचे त्यांनी केलेले निदान आम्हाला अनेक ठिकाणी एकांगी वाटते, आणि ज्या समाजाला बदलायचे त्याच्या भाषेत ते बोलले नाहीत ही तक्रारही जुनीच आहे. पण आमच्या चर्चांत त्यांना उडवून लावताना जे वाक्य सर्वांत जास्त ऐकू येते ते या मतभेदांचे नसते. ते असते, 'जो खुदालाच मानत नाही, तो कशाच्या आधारावर आम्हाला न्याय शिकवणार?' हा युक्तिवाद मान्य केला तर हिल्फुल फुदूलही रद्द करावा लागेल. एका बैठकीत तीनदा तलाक म्हणणे हे आमच्या फिक्हनेच 'बिदअत', म्हणजे गुनाह मानले. गुनाह, पण लागू. १९६६ च्या त्या सात स्त्रियांचे म्हणणे, जे पाप आहे ते लागू का, असे होते. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी ही प्रथा रद्द केली. नंतरच्या २०१९ च्या कायद्याने नवऱ्याला तुरुंगात घालण्याची जी तरतूद केली तिच्याबद्दल वेगळे आणि कठोर बोलावे लागेल. पण त्या स्त्रियांच्या मागणीचा न्याय-अन्याय, मोर्चा नेणारा नमाज पढत होता की नाही यावर ठरत नव्हता.

दलवाईंची 'इंधन' ही कादंबरी १९६५ ची. मुंबईहून कोकणातल्या आपल्या गावी परतलेला निवेदक आणि डोळ्यांदेखत पेटत जाणारे गाव. या निवेदकाच्या रूपाने मराठीत श्रद्धा सुटलेला मुसलमान पहिल्यांदा ठळकपणे बोलला असे आम्हाला वाटते. त्याच्या पुढची कडी मात्र आम्ही गुंफली नाही. दलवाईंना विरोध करण्याच्या भरात आम्ही त्यांची पात्रेही वाळीत टाकली. आज आमच्या घराघरांत श्रद्धेबद्दल गप्प राहणारी तरुण मुले-मुली आहेत. ईदला नवे कपडे घालतात, बापाबरोबर ईदगाहवर जातात, अम्मीला दुखवायचे नाही म्हणून काही बोलत नाहीत. ती वाईट नाहीत. आजीचे औषध वेळेवर आणतात, बहिणीच्या फीसाठी ओव्हरटाइम करतात. आमच्या साहित्यात त्यांना जागा नाही. त्यांच्यासाठी एकतर शेवटच्या परिच्छेदातली पहाटेची अजान आहे, नाहीतर काहीच नाही. १९९२-९३ च्या दंगलीत शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना लपवले ते आठवताना, लपवणारा रोज पूजा करत होता काय हे आम्ही कधी विचारले नाही. हीच उदारता आपल्या घरातल्या मुलाला मात्र नाकारतो.

आम्हाला एक कथा वाचायची आहे. कोकणातला किंवा मराठवाड्यातला एक मुलगा दुबईत वा कुवेतमध्ये कामाला असावा. त्याची श्रद्धा कधीतरी, कोणत्याही मोठ्या प्रसंगावाचून, हळूहळू सुटलेली असावी. खोलीतला एक सोबती वारावा आणि त्याने गावी पोचवायला दिलेली रक्कम याच्या ट्रंकेत असावी, कागदावर कुठेही नोंद नसलेली. याला स्वतःच्या घरासाठी पैशांची गरज असावी. लहानपणी अम्मीने शिकवलेले 'अल्ला देखता है' आता त्याला आठवते, पण त्यावर त्याचा विश्वास उरलेला नाही, अम्मीवर आहे. तो काय करतो आणि का करतो, हे लेखकाने आम्हाला दाखवावे. नुसते 'तो इमानदार होता' असे लिहून सुटू नये. शेवटच्या पानावर त्याला मशिदीत पाठवायचे की नाही हे लेखकाचे त्याने ठरवावे; पाठवले तर तो तिथे काय बोलतो तेही लिहावे, आणि नाही पाठवले तर ती रक्कम मयताच्या बायकोच्या हाती देताना तिच्या सलामला तो काय उत्तर देतो ते लिहावे.